एआयचा पहिला पेपर

चार गॅलनचं एक भांडं, तीन गॅलनचं दुसरं. दोन्हींवर मापाच्या खुणा नाहीत. मोठ्या भांड्यात नेमकं दोन गॅलन पाणी उरवून दाखवा. एलेन रिच आणि केव्हिन नाइट यांच्या पाठ्यपुस्तकातून (दुसरी आवृत्ती 1991) हा ‘वॉटर जग प्रॉब्लेम’ आपल्याकडच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे आता सगळेच म्हणतात त्या एआयच्या, पेपरांत येऊन बसला आणि अजून उठलेला नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते लातूर ज्या मराठवाड्यात आहे, तिथली मुलंही हे पाणी गॅलनमध्येच मोजतात, हा भाग सोडून देऊ.

प्रश्न तसा वाईट नाही. कुठल्याही समस्येची एक अवस्था असते, एका अवस्थेतून दुसरीत जायचे काही नियम असतात, आणि उत्तर शोधणं म्हणजे त्या नियमांच्या जंजाळातून वाट काढणं, हे त्यातून फार सुबक कळतं. पण पेपरात तो येतो आठ मार्कांसाठी, आणि विद्यार्थी लिहितो ती नियमांची पाठ केलेली यादी. भांडी पाच आणि तीन लिटरची केली की तोच विद्यार्थी अडतो. एआयचा पहिला अभ्यासक्रम कसा असावा यावर जगभर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि त्यातली बरीचशी चर्चा कोणते धडे घ्यावेत नि कोणते गाळावेत याभोवती फिरते. आपल्या विद्यापीठांपुरतं मात्र मला वाटतं की निर्णय धड्यांच्या यादीत होतच नाही, तो प्रश्नपत्रिकेत होतो. मुलं मागच्या पाच वर्षांचे पेपर झेरॉक्स करून आणतात, त्यावरून ‘इम्पॉर्टंट’ ठरतात, आणि अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतला बाकीचा मजकूर शोभेला उरतो. म्हणून धड्यांइतकंच परीक्षेकडे बघत हा आढावा घेतला पाहिजे.

छत्रपती संभाजीनगरात पहिल्या पेपराचा हा प्रश्न आता अभियांत्रिकीच्या आवाराबाहेर पडला आहे. पूर्वी तो सरळ होता. 1960 साली सुरू झालेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, पुढे आलेली खासगी महाविद्यालयं, मराठवाडा विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग, विद्यापीठाच्याच परिसरातलं ‘नायलिट’चं केंद्र, इथे संगणकाचा विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या वर्षी एआय घेत असे. मग ‘एआय आणि डेटा सायन्स’ अशा नावाच्या बी.टेक.च्या स्वतंत्र शाखा आल्या. आयआयटी हैदराबादनं 2019 मध्ये एआयची स्वतंत्र बी.टेक. सुरू केल्यावर देशभर ही लाट पसरली. आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत सुरू झाली, तेव्हा बी.ए., बी.कॉम.च्या मुलांनाही ओपन इलेक्टिव्ह म्हणून दुसऱ्या विद्याशाखेचा विषय घेणं भाग पडलं. इतिहास घेतलेली मुलगी आता दोन क्रेडिटचा एआय घेऊ शकते. दोन क्रेडिट म्हणजे व्याख्यानाचे 30 तास. त्यात काय बसवायचं?

विषयाचं वय बघितलं तर या गोंधळाचं नवल वाटत नाही. 1956 च्या डार्टमथ परिषदेच्या निमित्तानं नाव मिळालेल्या या विषयाचा ‘पहिला पेपर’ किमान तीनदा पालटला. पहिल्या काळात बुद्धी म्हणजे तर्क आणि शोध, म्हणून पेपरात कोडी, प्रोलॉग, तज्ज्ञ-प्रणाली. आपल्याकडे 1986 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. मुंबईतल्या एनसीएसटी आणि टीआयएफआर या संस्था त्याच्या केंद्रांपैकी. आपल्या जुन्या अभ्यासक्रमांवर त्या पिढीचा ठसा आहे. 1995 मध्ये स्टुअर्ट रसेल आणि पीटर नॉर्विग यांचं जाडजूड पुस्तक आलं आणि ‘परिसर जाणून घेऊन कृती करणारा एजंट’ हा सगळ्या विषयाचा दोरा झाला. बर्कलीत तर याच दोऱ्यावर पॅकमॅन या जुन्या खेळाचे प्रकल्प रचले गेले आणि जगभरच्या शिक्षकांनी ते उचलले. 2011 मध्ये स्टॅनफर्डहून थ्रून-नॉर्विग यांचा एआयचा आणि अँड्र्यू इंग यांचा मशीन लर्निंगचा वर्ग इंटरनेटवर खुला झाला. पहिल्याला दीड लाखाहून अधिक लोकांनी नाव नोंदवलं. तिथून पुढे नवख्याच्या मनात एआय म्हणजे मशीन लर्निंग असं समीकरण बसलं. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि आता एआय म्हणजे बोलणारी खिडकी.

हे थर एकावर एक साचले आहेत आणि अभ्यास मंडळं ते सगळे एकाच पेपरात कोंबतात. युनिट एक-दोन जुन्या काळातली, तीन-चार मशीन लर्निंगची, पाचव्यात ‘न्यूरल नेटवर्क, जनरेटिव्ह एआय आणि नीतिमूल्यं’. हे पाचवं युनिट मार्च उजाडला की ‘घरी वाचा’ या सूचनेनं संपतं. जुनं सगळं फेकून द्या म्हणणारा एक नवा पंथ आहे, त्यांच्याशी मी सहमत नाही. शोधाचा भाग ठेवावाच. आयआयटी मद्रासचे दीपक खेमानी यांचं 2013 चं पाठ्यपुस्तक शोधाला किती जागा देतं ते बघावं. यंत्र पुढच्या शक्यता कशा तपासतं आणि त्यांची संख्या कशी हाताबाहेर जाते हे कळलं की विद्यार्थी कुठल्याही ‘जादू’कडे संशयानं बघू लागतो. पण त्याला सहा तास पुरेत, सोळा नकोत.

सर्वांसाठीच्या एआयचा जगातला सगळ्यात गाजलेला प्रयोग फिनलंडचा. हेलसिंकी विद्यापीठ आणि रिअ‍ॅक्टर या कंपनीनं मे 2018 मध्ये ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम काढला. देशातल्या एक टक्का लोकांनी तरी तो करावा असं उद्दिष्ट होतं. पुढे जगभरातून दहा लाखांवर लोक त्यात आले. प्रोग्रॅमिंग अजिबात नाही. सहा प्रकरणं, आणि त्यातलं एक मोठं प्रकरण संभाव्यतेवर: पावसाची शक्यता, स्तनाच्या कर्करोगाची तपासणी, बेजचा नियम. मला या अभ्यासक्रमाचं कौतुक आहे ते या एका निवडीसाठी. कोड गाळला तरी गणित गाळलं नाही. आपल्याकडे बहुतेक ‘एआय फॉर ऑल’ कार्यशाळांत नेमकं उलटं होतं: गणित गाळतात आणि मुलांकडून चार ओळींचा पायथन कोड जसाच्या तसा उतरवून घेतात. आयआयटी मद्रासनं 2025 मध्ये ‘स्वयं प्लस’वर काढलेल्या मोफत अभ्यासक्रमांची वाट वेगळी आहे. तिथे भौतिकशास्त्रातला एआय, लेखाकर्मातला एआय, क्रिकेटच्या विश्लेषणातला एआय असे विद्यार्थ्याच्या मूळ विषयाला बांधलेले वर्ग आहेत. बी.कॉम.च्या मुलाला पाठ्यपुस्तकी फुलांच्या पाकळ्या मोजायला लावण्यापेक्षा खतावणीतली विसंगती शोधायला लावणं केव्हाही शहाणपणाचं.

पण फिनलंडचा वाचक एकटा बसून, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या गतीनं वाचतो. आपला विद्यार्थी कोण आहे? 1950 साली डॉ. आंबेडकरांनी या शहरात मिलिंद महाविद्यालय काढलं ते ज्यांच्या घरात आधी कोणी पदवीधर झालं नव्हतं अशा मुलांसाठी. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं, 1994 मध्ये त्याचा नामविस्तार झाला, त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ होऊन इथे संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे चार जिल्हे राहिले. संलग्न महाविद्यालयं चारशेहून अधिक. सोयगावची, आष्टीची, भूमची मुलं यात येतात, आणि घरातली पहिली पदवी घेणारं मूल आजही इथे नवलाचं नाही. बारावी कला शाखेतून आलेल्या मुलाचं गणित दहावीला सुटलेलं असतं. त्याच्याकडे लॅपटॉप नसतो, मोबाइल असतो. तो कॉलेजला रोज येतोच असं नाही; शेतीची कामं असतात, भरतीची तयारी असते, औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेचे पैसे भरलेले असतात.

आणि भाषा. वर्गात शिक्षक मराठीत बोलतात, फळ्यावर इंग्रजीत लिहितात, पेपर इंग्रजीत येतो. समज एका भाषेत आणि मार्क दुसऱ्या भाषेत, अशी ही वाटणी आहे. या शहरानं उच्चशिक्षणातल्या भाषेचा एक मोठा प्रयोग पाहिलेला आहे, हे सहसा कोणाला आठवत नाही. निजामाच्या राज्यात 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी उर्दूतून शिकवत. त्यासाठी हैदराबादेत भाषांतराचं खास खातं होतं, आणि मौलवी अब्दुल हक यांची अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू ही संस्था दिल्लीला जाण्याआधी कितीतरी वर्षं याच शहरातून चालली. भारतीय भाषेत आधुनिक शास्त्र शिकवता येतं याचा तो पुरावा होता. आणि बहुसंख्य मराठी मुलांसाठी तीही परकीच भाषा होती, हा त्याच पुराव्याचा दुसरा अर्थ. अलीकडे, 2021 मध्ये, पिंपरी-चिंचवडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयानं मराठीतून संगणक अभियांत्रिकी सुरू केली. ओपन इलेक्टिव्हसाठी एवढी उडी लागत नाही. पारिभाषिक शब्द इंग्रजीच राहू द्यावेत, पण उत्तर मराठीत लिहायची मुभा द्यावी, आणि प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत काढावी. एवढ्यानं वर्गातली अर्धी भीती जाते.

आता वर्गात शिरू. जगभर मशीन लर्निंगचा पहिला धडा आयरिसच्या 150 फुलांवर होतो. एडगर अँडरसन यांनी जमवलेली ही मापं रोनल्ड फिशर यांनी 1936 मध्ये वापरली. दुसरा धडा टायटॅनिकवर: 891 प्रवासी, कोण वाचलं नि कोण बुडालं. दोन्ही सामग्री स्वच्छ, छोटी, हाताळायला सोपी. दोष एवढाच की यंत्र चुकलं तर ती चूक आहे हे आपल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या ज्ञानावरून कळत नाही. आयरिसचं फूल त्यानं पाहिलेलंच नाही. पहिल्या पेपरात निवडायची सामग्री अशी हवी, जिच्यात विद्यार्थ्याला यंत्रापेक्षा जास्त कळतं.

कापूस घ्या. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं राज्यातला कापूस पोखरला. त्यानंतर वाधवानी एआय या मुंबईच्या संस्थेनं मोबाइलवर चालणारी एक प्रणाली उभी केली: शेतात कामगंध सापळे लावायचे, अडकलेले पतंग पांढऱ्या कागदावर ओतून फोटो काढायचा, यंत्र पतंग ओळखून मोजतं आणि फवारणी करावी की नाही ते सांगतं. कृषिशास्त्रज्ञांची ठरलेली पातळी अशी की एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन दिवस, म्हणजे उपाय करायची वेळ. या एका उदाहरणात सगळा पहिला पेपर बसतो. फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता कसा? पतंग एकमेकांवर पडले तर मोजदाद कशी चुकेल? पावसात भिजलेल्या, पंख झडलेल्या पतंगाचं काय? सापळ्यातली पतंगांना ओढणारी ल्यूर जुनी झाली असेल तर यंत्र अचूक मोजेल आणि तरीही सल्ला चुकीचा निघेल. ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा पैठण-गंगापूरच्या कापूसवाल्याच्या मुलीला लवकर सुचेल. मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: आठचे सात मोजले तर काय, आणि सातचे आठ मोजले तर काय? पहिल्या चुकीत बोंडं जातात. दुसऱ्या चुकीत नको असलेली फवारणी होते, तिचा खर्च होतो, आणि फवारणी म्हणजे काय असतं ते 2017 च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं दगावलेल्या शेतकरी-मजुरांनी दाखवून दिलं. दोन चुकांची किंमत सारखी नसते. नीतिमूल्यांचं वेगळं युनिट काढून शेवटी ढकलण्यापेक्षा ती इथे, सापळ्यापाशीच शिकवावीत.

दुसरं उदाहरण अक्षरांचं. हस्तलिखित देवनागरीची एक प्रसिद्ध मोफत सामग्री नेपाळातल्या संशोधकांनी 2015 मध्ये जमवली: 92,000 चित्रं, 46 वर्ग. 36 अक्षरं आणि दहा अंक. संगणकाच्या मुलांना इंग्रजी अंकांऐवजी ‘आपली’ लिपी म्हणून ही सामग्री द्यायची पद्धत आहे, आणि मुलं 98 टक्के अचूकता आली म्हणून खूश होतात. मग त्यांना स्वतःच्या हातानं ‘ळ’ लिहून यंत्राला दाखवायला सांगा. नेपाळीला त्याची गरज नाही, म्हणून त्या 36 अक्षरांत ‘ळ’ नाही. यंत्र ‘मला माहीत नाही’ म्हणत नाही. ते 46 पैकी एक खण निवडतं, कित्येकदा मोठ्या आत्मविश्वासानं. मग मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ काढून बघा. या दहा मिनिटांत जे कळतं ते अचूकतेच्या टक्केवारीवरच्या तीन व्याख्यानांत कळत नाही: यंत्राचं जग त्याला दाखवलेल्या सामग्रीएवढंच असतं, आणि टक्केवारी त्याच जगाच्या आत मोजलेली असते.

अशा गोष्टींसाठी लांब जायला नको. मराठी सुटे शब्द ओळखणाऱ्या प्रणाली, हस्तलिखित मोडी अंकांची ओळख यांवर इथल्याच मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातून 2010 नंतरच्या वर्षांत शोधनिबंध निघाले आहेत. पुण्यात एल-थ्री-क्यूब या गटातल्या विद्यार्थ्यांनी 2021 मध्ये सुमारे 16,000 मराठी ट्वीट वाचून त्यांना सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ अशी लेबलं लावली. पीएच.डी.च्या टेबलावरची ही सामग्री पहिल्या वर्षाच्या वर्गात उतरवायला फारसा खर्च नाही. ‘वा, काय रस्ते आहेत आपल्या शहरात!’ हे वाक्य तीन मुलांना वेगवेगळं बसवून लेबल करायला द्या. तिघांचं एकमत झालं नाही, की यंत्राला ‘बरोबर उत्तर’ कोणी शिकवलं हा प्रश्न आपोआप उभा राहतो. शहराच्या नावाचंही तेच. 2023 पर्यंतच्या सरकारी मजकुरात औरंगाबाद, नंतरच्या सरकारी मजकुरात छत्रपती संभाजीनगर, बिहारात आणखी एक औरंगाबाद, आणि राज्यातच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची दोन विद्यापीठं, एक इथे नि एक लोणेऱ्याला. चॅटबॉटला या चौकात उभं करून कुठे कुठे गफलत होते ते नोंदवणं, हा कुठल्याही विद्याशाखेच्या मुलाला जमणारा प्रकल्प आहे.

जायकवाडीचं उदाहरण जरा वरच्या पायरीचं. नाथसागराची एकूण साठवण सुमारे 102 टीएमसी, आणि त्याचे रोजचे आकडे वर्तमानपत्रात येतात. पावसावरून धरणाची पातळी सांगणारं प्रारूप बनवा म्हटलं तर मुलं संभाजीनगरचा पाऊस घेतात आणि फसतात, कारण पाणी येतं नाशिक-अहिल्यानगरकडून. वरचा पाऊस घेतला तरी फसतात, कारण वरच्या धरणांतून सोडायचं किती हा माणसांचा निर्णय आहे. मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं 2014 मध्ये दिलेला आदेश, 15 ऑक्टोबरचा आढावा, 65 टक्क्यांची अट, न्यायालयातल्या याचिका, हे काहीच पर्जन्यमापकात दिसत नाही. राज्यशास्त्राची मुलगी इथे संगणकाच्या मुलाच्या पुढे जाते. असा प्रसंग वर्गात एकदा तरी यावा.

मग गणित किती? माझ्या मते बी.ए.च्या मुलाला टक्केवारी, सरासरी, आलेख आणि सशर्त संभाव्यता एवढंच पुरतं. पण ते खरोखर आलं पाहिजे. समजा, वाळूजच्या कारखान्यातलं असं एक उदाहरण घेतलं: 1000 कास्टिंगमध्ये दहा खराब आहेत. कॅमेरा दहापैकी नऊ पकडतो आणि चांगल्यांपैकी पाच टक्के उगाच बाजूला काढतो. म्हणजे 990 पैकी सुमारे 50. रिजेक्शनच्या पेटीत 59 नग पडले, त्यातले खरे खराब नऊ, म्हणजे शंभरात पंधरा. उलट ‘सगळं ठीक आहे’ एवढंच म्हणणारं, काहीही न बघणारं यंत्र 99 टक्के अचूक! हा हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. मॅट्रिक्स आणि कलन अभियांत्रिकीच्या मुलांना लागेल, आणि त्यांच्या पहिल्या पेपरात तेही हाताला लागेल असं शिकवावं: एका न्यूरॉनची वजनं कागदावर दोन-तीनदा बदलून बघितल्याशिवाय लायब्ररीतलं तयार फंक्शन वापरायचं नाही.

प्रयोगशाळेचं दुखणं वेगळं आहे. महागडी जीपीयू यंत्रं नाहीत म्हणून एआय शिकवता येत नाही ही तक्रार निदान पहिल्या पेपरापुरती खोटी आहे; वर सांगितलेलं सगळं साध्या संगणकावर किंवा गुगल कोलॅबवर होतं, निम्मं कागदावर. खरं दुखणं प्रॅक्टिकलच्या जर्नलचं. दहा प्रयोग, प्रत्येकाचा उद्देश, सिद्धांत, कोड, आउटपुट, निष्कर्ष. मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवायचं, सबमिशनच्या आदल्या रात्री सह्या घ्यायच्या. चॅटबॉटनं ही सगळी मेहनत वाचवली, एवढाच फरक झाला. म्हणजे जी गोष्ट आधीच पोकळ होती ती आता फुकट मिळते. काही शिक्षक यावर बंदीची भाषा करतात, काही ‘वापरा पण सांगा’ म्हणतात. दोन्हींचा फारसा उपयोग नाही. जर्नलच्या दहा प्रयोगांऐवजी तीन ठेवावेत, आणि प्रत्येकाला यंत्र जिथे चुकलं अशी पाच उदाहरणं, स्वतः जमवलेली, कारणासह लिहायला लावावीत. चॅटबॉटचं उत्तर हेही अशा तपासणीचं साहित्यच होऊ शकतं. जोसेफ वाइझेनबाउम यांनी 1966 मध्ये एलायझा हा बोलणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, तेव्हा तो नुसती वाक्यं उलटवतो हे सांगूनही लोक त्याच्याशी मनातलं बोलू लागले आणि वाइझेनबाउम धास्तावले; 1976 मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. वर्गात एलायझा चालवून दाखवायला पाच मिनिटं लागतात, आणि आजच्या खिडकीपुढे बसताना ती पाच मिनिटं आठवतात.

हे सगळं शिकवणार कोण? शहरातल्या कित्येक महाविद्यालयांत हा पेपर तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या, शिक्षकाच्या वाट्याला येतो. त्याला जूनमध्ये माहीत नसतं की जुलैत कोणता विषय आहे. त्याला नवीन उदाहरणं तयार करायला कोणी तास मोजून देत नाही. त्यामुळे अभ्यास मंडळानं नुसती युनिटं छापून न थांबता सामग्री, तक्ते, मराठी टिपणं असा संच द्यायला हवा. एकदा बनवला की चार जिल्ह्यांत चालेल. राज्यानं जून 2025 मध्ये शेतीतल्या एआयसाठी 500 कोटींचं धोरण मंजूर केलं आहे, पोलिसांसाठी 2024 मध्ये ‘मार्व्हेल’ नावाची कंपनी काढली आहे. उद्या तलाठी, ठाणे अंमलदार म्हणून या यंत्रांचे सल्ले वाचणार आहेत ती हीच ओपन इलेक्टिव्हची मुलं. त्यांच्यासाठीच्या संचाला लागणारी रक्कम त्या हिशेबात चिल्लर आहे.

उरली परीक्षा. ‘एआयची व्याख्या सांगून उपयोग स्पष्ट करा’ हा प्रश्न काढणं सोपं असतं, तपासणं त्याहून सोपं. कॅप सेंटरवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसणाऱ्या परीक्षकाला नमुना उत्तर लागतं, आणि ‘ही चूक महाग का?’ या प्रश्नाला एकच नमुना उत्तर नसतं. मार्ग आहे, पण कष्टाचा. प्रश्नासोबत एक छोटा तक्ता द्यायचा, त्यावरून दोन आकडे काढायला सांगायचे, ते तपासायला सोपे. मग त्या आकड्यांवर चार ओळींचा निर्णय मागायचा, आणि नमुना उत्तरात स्वीकारार्ह कारणांची यादी द्यायची. दरवर्षी तक्ता बदलायचा: यंदा बोंडअळी, पुढच्या वर्षी मोसंबीची प्रतवारी, त्यानंतर घाटी रुग्णालयासारख्या मोठ्या दवाखान्यातल्या क्ष-किरणांचं कल्पित उदाहरण. मागचे पेपर झेरॉक्स केले तरी चालेल. ते सोडवून बघणं हाच अभ्यास होईल. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला पाच मिनिटं, त्याच्याच प्रकल्पातली एक चूक समोर ठेवून.

संलग्न महाविद्यालयाला लेखी पेपर बदलण्यासाठी अभ्यास मंडळाची, विद्या परिषदेची वाट बघावी लागेल. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्वायत्त आहे, एमजीएम विद्यापीठ 2019 पासून स्वतंत्र आहे; त्यांना पुढच्या सत्रातही हे करता येईल. बाकीच्यांच्या हातात अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आहेतच, आणि त्या गुणांचा प्रश्न काय असावा हे ठरवायला कोणाच्याही सहीची गरज नाही.